गिटारची नवी घोडी

बोरिवलीला एका सोसायटीच्या गणपतीत आमचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता, तेव्हा माझ्या गिटारची पहिली तार तुटली. टोक उडून माझ्या मनगटाला लागलं. त्या मोसमातली ही तिसरी वेळ. आधी अंधेरीला तुटली होती, मग मुलुंडला. दर वेळी पहिलीच तार आणि दर वेळी त्याच जागी. मी उरलेलं गाणं पाच तारांवर कसंबसं निभावलं. पहिल्या रांगेत बसलेल्या एका काकांनी शेजारच्याला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "बायकांच्या हातात टिकत नाहीत ही वाद्यं."

आमचा ऑर्केस्ट्रा फक्त बायकांचा होता. पार्ल्याच्या एक बाई तो चालवायच्या. स्वतः अ‍ॅकॉर्डियन वाजवायच्या, कार्यक्रम ठरवायच्या, पोस्टरवर मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण महिला वाद्यवृंद’ असं छापून घ्यायच्या. ‘संपूर्ण’ या शब्दाचा त्यांना फार अभिमान होता. मी तेव्हा एकवीस वर्षांची. दिवसा मरोळला रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर बसायचे आणि संध्याकाळी गिटार वाजवायचे. गिटार माझ्या मालकीची होती. सांताक्रूझचा एक वादक परदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून जुनी घेतलेली, फिकट पिवळी, इलेक्ट्रिक.

तार का तुटते ते मला ठाऊक होतं. गिटारच्या खालच्या अंगाला, जिथे तारा अडकवतात, तिथे लोखंडी पट्टी असते. तिला सगळे ब्रिज म्हणायचे. तिच्यावर सहा तारांसाठी सहा छोटे ठोकळे, प्रत्येक तार आपापल्या ठोकळ्यावर टेकते. माझे वडील गावच्या लोकांच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं बसलेले, ते त्या पट्टीला तंबोऱ्यासारखी घोडीच म्हणायचे. तर माझ्या घोडीला घाम आणि खारी हवा लागून गंज चढला होता. पहिल्या ठोकळ्याला धार आली होती आणि ती तार कापत होती. ठोकळा वर-खाली करायचा स्क्रू इतका धरला होता की फिरवायला गेलं तर त्याचा माथाच झिजायचा. घोडीच बदलायला हवी होती.

कार्यक्रम संपल्यावर बाई म्हणाल्या, "हे बघ, आता पितृपक्ष लागतोय. पंधरा दिवस आपल्याला एकही कार्यक्रम नाही. तेवढ्यात हे नीट करून घे. शेवटच्या शनिवारपर्यंत मला कळव. नवरात्रात तार तुटलेली मला चालणार नाही."

"पंधरा दिवस खूप झाले," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

रविवारी सकाळी मी जुनी घोडी उकलली, त्या जागेवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासून स्क्रूच्या पाच भोकांचा ठसा घेतला. कारखान्यात आम्ही असंच करायचो. तो कागद घेऊन दादरकडच्या एका वाद्यांच्या दुकानात जायचं होतं. आई म्हणाली, दादाला घेऊन जा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चार वर्षांनी मोठा, एका कंपनीत टपाल पाठवायच्या खात्यात होता. घरातला बल्ब बदलायचा तरी तो शेजारच्यांना हाक मारायचा. पण दुकानात जायचं तर पुरुषमाणूस बरोबर हवा.

दुकानदाराने माझ्या हातातून कागद घेतला, त्याच्याकडे न बघताच काउंटरवर ठेवला आणि दादाला विचारलं, "गिटार कुठल्या मेकची आहे?"

"माझी आहे," मी म्हणाले. "मेक लिहिलेला नाही. म्हणून ठसा आणलाय."

"हो, हो," तो दादाकडेच बघत म्हणाला. "साधीच असेल ना?"

"साधीच," दादा म्हणाला.

त्याने मागच्या कपाटातून एक नवी, चकचकीत घोडी काढली. मी म्हणाले, ठशावर ठेवून बघू या. तो हसला. "बेन, सगळ्या गिटारला हीच बसते. बावीस वर्षं विकतोय." मी तरी कागद पुढे ओढला. तेवढ्यात दादाने घोडी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "बांधून द्या." बाहेर आल्यावर मी भांडले. दादा म्हणाला, "अगं, बावीस वर्षं विकतोय तो. तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं?"

घरी येऊन मी ती कागदावर ठेवली. पहिली दोन भोकं बरोबर जुळली. तिसरं जरा सरकलं, चौथं अर्धं, पाचवं पूर्ण बाहेर. नव्या घोडीची भोकं जास्त अंतरावर होती. मी दादाला बोलावून दाखवलं.

"परत करून दुसरी आणायची," मी म्हणाले. "शनिवारी अर्धा दिवस असतो, मी जाईन. तोवर हिला हात लावू नकोस."

"इतकुशा फरकाने काय होतंय," तो म्हणाला.

"हात लावू नकोस, दादा."

बुधवारी कारखान्यातून घरी आले तर दादा आणि त्याचा एक मित्र खाटेवर बसले होते, दोघांच्या मध्ये माझी गिटार. जमिनीवर लाकडाचा भुसा. मित्राच्या हातात सुताराचं गिरमिट होतं, कोणाकडून तरी मागून आणलेलं. नवी घोडी गिटारवर पक्की बसलेली.

"बसली बघ," दादा म्हणाला. तो भलताच खूश होता.

मी गिटार घेतली. घोडी डोळ्याला दिसेल इतकी तिरकी होती. आणि ती जुन्या जागी नव्हतीच. जुनी भोकं आड येत होती म्हणून त्यांनी सगळी पट्टी चांगली दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे मानेच्या बाजूला सरकवली होती. मी तारा चढवल्या, सुरात लावल्या. मोकळी तार छेडली, बरोबर. मग तीच तार मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे आडव्या पट्टीवर, दाबून छेडली. तिथे तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. तो चांगलाच चढा आला. सगळ्या सहा तारांना तेच. म्हणजे खाली सूर बरोबर लावला तर वर सगळं बेसूर, आणि वर लावावा तर खाली बेसूर. गिटारचे पडदे ठरलेल्या लांबीसाठी ठोकलेले असतात. घोडी पुढे आणली की तारेची लांबी कमी होते आणि सगळा हिशेब बिघडतो.

"ऐक," मी दादाला म्हणाले. खालचा सूर छेडला, मग वरचा. "ऐकलंस?"

"काय?"

पुन्हा छेडला. "वरचा चढा आहे."

"मला तर दोन्ही बरोबर वाटतात," तो म्हणाला. मित्रानेही मान हलवली. "मस्त वाजतेय."

मी पाच-सहा वेळा ऐकवलं असेल. दर वेळी ते दोघं माझ्याकडे असे बघत, जणू मी मुद्दाम खुसपट काढतेय. ज्याला ऐकूच येत नाही त्याला बेसूर कसं दाखवायचं, याचा राग मला आजही तितकाच येतो. वडील गिरणीतून आले होते, दारात चपला काढत होते. तिथूनच म्हणाले, "वरच्या अंगाक बेसूर वाजता गो."

"बघ," मी म्हणाले.

"बाबांना काय कळतं गिटारमधलं," दादा म्हणाला. वडील हातपाय धुवायला निघून गेले. त्यांनी निदान एक वाक्य बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

अजून एक बाकी होतं. आमच्या घरच्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची जागा होती. तिथे पिन लावून मी गिटार वाजवायचे. त्या संध्याकाळी पिन लावली तर गिटारच्या आधी घोंघावणंच सुरू झालं, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं. तार हाताने धरली तरी ते कमी होईना. मला शंका आली.

"घोडीच्या खाली एक काळी वायर होती," मी दादाला विचारलं. "ती कुठे आहे?"

"ती ना? लाकडातून उगाच बाहेर आली होती. तिच्यामुळे पट्टी नीट टेकत नव्हती. कापली."

ती अर्थिंगची वायर होती. घोडीला टेकलेली असते म्हणून गिटार घोंघावत नाही. मी दिवसाला अशा शेकडो वायरी सोल्डर करायचे आणि माझ्याच घरात, माझ्याच गिटारची वायर माझा भाऊ उगाच म्हणून कापून टाकत होता. मी गिटार भिंतीला टेकवली आणि मोरीत जाऊन रडले. आईला वाटलं भांडण झालं. "भाव इतको तुजासाठी राबलो," ती बाहेरून म्हणाली, "आनि तू त्याकाच बोलतंस."

स्क्रू पिळून बसवलेली घोडी दुकानदार परत घेणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गिटार गोणपाटात गुंडाळून कालिन्याला गेले. तिथे गावठाणात एक म्हातारे कारागीर होते, व्हायोलिनपासून गिटारपर्यंत सगळं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. त्यांनी गिटार उलटीसुलटी करून बघितली, तिरक्या घोडीवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "कोणी केलं हे?"

"भावाने."

"ठेवून जा. चार दिवसांनी ये."

"काय करणार ते सांगाल का? मी बसून बघितलं तर चालेल?"

"बघायचं काय त्यात. चार दिवसांनी ये."

चार दिवसांनी सुट्टी झाल्यावर गेले. गिटार गोणपाटात, मी बांधली तशीच. गाठही सुटलेली नव्हती. "परवा," ते म्हणाले. परवा गेले. तसंच. या वेळी त्यांनी कोणाच्या तरी लग्नाचं कारण सांगितलं. शेवटचा शनिवार आला. बाईंच्या घरी जाऊन सांगितलं की गिटार कारागिराकडे आहे, होईल. बाई म्हणाल्या, "होईल की झाली?" मी म्हणाले, होईल.

रविवारी सकाळी मी कालिन्याला जाऊन त्यांच्या बाकावर बसले. "आज काम झाल्याशिवाय उठणार नाही," मी सांगितलं.

त्यांनी गोणपाटाची गाठ सोडली. गिटारच्या तारा काढल्या, घोडी उकलायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत जाईना. माथ्याच्या आजूबाजूला नुसतं टकटक वाजत राहिलं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा हात मनगटापासून थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने तो धरून बघितला, मग स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"आठ महिने झाले," ते म्हणाले.

"मग गिटार ठेवून कशाला घेतलीत?"

"नाही म्हटलं की लोक का म्हणून विचारतात."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. माझे दहा दिवस गेले होते. मी म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच सांगायचं. मी बसून बघू का म्हणून विचारलं होतं मी." मी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि विचारलं, "काय करायचं ते बोला. हात माझे."

ते आम्हा दोघांनाही आवडलं नाही. ते अर्धंच सांगायचे आणि मी पुढचं विचारलं की चिडायचे. सागवानाच्या बारीक खुंट्या तासायला लावल्या. पहिल्या तीन जाड झाल्या म्हणून फेकून दिल्या. "लाकूड तासतेस की बटाटा सोलतेस," असं म्हणाले. मी म्हणाले, माझं काम सोल्डरिंगचं आहे, सुतारकी तुमची. शेवटी दहा खुंट्या जमल्या, पाच जुन्या भोकांना आणि पाच दादाच्या. गरम सरस लावून त्या ठोकल्या. वरून फडकं बांधलं. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही," ते म्हणाले. त्या वाक्यावर मला हसू आलं असतं, पण मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

सोमवारी अर्धी रजा टाकली आणि घरचं सोल्डरिंगचं आयर्न बरोबर नेलं. आधी ती कापलेली वायर. लाकडाच्या भोकात तिचं टोक दिसत होतं. चिमट्याने ओढलं, तुकडा जोडला, नव्या घोडीच्या पोटाला सोल्डर मारला. दोन मिनिटांचं काम. म्हाताऱ्यांनी चष्मा वर करून तो सांधा बघितला आणि या वेळी त्यात खोट काढली नाही.

मग माप. मानेच्या टोकाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, तितकंच बाराव्या पडद्यापासून घोडीच्या ठोकळ्यापर्यंत. त्यांनी ते माझ्याकडून चार वेळा मोजून घेतलं, दोरीने एकदा आणि पट्टीने तीनदा. खुणा केल्या. गिरमिट मी धरलं. पहिली चार भोकं बरोबर पडली. पाचव्याला एका खुंटीची कड आड आली आणि गिरमिट केसभर सरकलं. तिथे स्क्रू पिळताना त्याचा माथाच तुटून हातात आला आणि बाकीचा लाकडात राहिला. नव्या घोडीचा नवा स्क्रू, आणि तो असा निघावा.

"राहू दे त्याला," ते म्हणाले. "चारांवर पण टिकते."

तारा चढवल्या. प्रत्येक ठोकळा थोडा मागे, थोडा पुढे करत, खालचा सूर आणि बाराव्या पडद्यावरचा सूर जुळवत गेलो. मी छेडायचे, ते डोळे मिटून बोट वर किंवा खाली करायचे. कानात त्यांच्या काहीच थरथर नव्हती. पहिल्या पाच तारा जुळल्या. सहावी शेवटपर्यंत किंचित चढीच राहिली. ते म्हणाले, कोणाला कळणार नाही. मी म्हणाले, मला कळेल. संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्यावर घालवली आणि ती तशीच राहिली.

मंगळवारी मी बाईंकडे गेले. दारातल्या खांबावर नवरात्राचं पोस्टर चिकटवलं होतं. ‘संपूर्ण’ या शब्दावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावलेली होती.

"पहिल्या पाच माळांना एका बँडमधला एक जण येतोय गिटारला," बाई म्हणाल्या. "मागे, पडद्याआड बसेल. मी तुला शनिवारपर्यंत म्हटलं होतं."

"गिटार झाली आहे. ऐका तरी."

"झाली ना, चांगलं झालं. सहाव्या माळेपासून तू ये. त्याला शब्द दिलाय मी."

त्या पाचही संध्याकाळी मी घरी बसले. सहाव्या माळेला घाटकोपरला वाजवलं. तार तुटली नाही, गिटार घोंघावली नाही. सहावी तार मी जमेल तितकी टाळली. दादा त्याच्या मित्राला घेऊन दुसऱ्या रांगेत बसला होता. मध्यंतरात मंडळाचा एक कार्यकर्ता गिटारकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होता, आणि दादा त्याला सांगत होता, "आम्हीच बसवला ब्रिज, घरी."

परतताना मी त्याला म्हणाले, "तू बसवलेला ब्रिज मी उखडून पुन्हा बसवला, दादा. दहा भोकं बुजवली तेव्हा ही वाजतेय."

"अगं हो," तो म्हणाला. "पण सुरुवात तर मीच केली ना?" तो मनापासून म्हणत होता.

त्यानंतर कालिन्याच्या कारागिरांनी निरोप पाठवला की रविवारी येत जा, कामं पडून आहेत. मी जाऊ लागले. ते सांगायचे, मी करायचे. पण मला आतल्या खोलीत, पडद्यामागे बसवायचे. पुढे ते स्वतः बसून गिऱ्हाइकाकडून वाद्य घ्यायचे आणि आत सरकवायचे. "पोरीच्या हातात कोण देणार," असं म्हणायचे. मी तीन-चार महिने ते ऐकलं. आत उजेड कमी, पंखा नाही, आणि बाहेर लोक त्यांच्या हाताची तारीफ करून जायचे ते मला ऐकू यायचं. एका रविवारी मी स्टूल उचलून पुढच्या खोलीत आणलं आणि बसले.

पहिलं गिऱ्हाईक मँडोलिन घेऊन आलं. "मिस्त्री कुठेत?"

"मीच. काय झालंय?"

"मी नंतर येतो," म्हणून तो गेला. म्हातारे आतून म्हणाले, "बघ, सांगितलं होतं." मी स्टूल हलवलं नाही. अजून एक जण तसाच गेला. दुपारी एका बँडचा वादक आला. त्याच्या गिटारचा एक ठोकळा निखळला होता आणि संध्याकाळी त्याचा मढला कार्यक्रम होता. दुसरीकडे जायला वेळ नव्हता. त्याने गिटार माझ्यासमोर ठेवली आणि काम होईपर्यंत हाताची घडी घालून माझ्या बोटांवर नजर लावून उभा राहिला. झाल्यावर प्रत्येक तार बाराव्या पडद्यावर छेडून बघितली, चूक शोधत. एकही सापडली नाही. गिटार पिशवीत घातली आणि गेला. पुढच्या रविवारी तोच माणूस त्याच्या मित्राचं वाद्य घेऊन आला आणि दारातूनच विचारलं, "त्या बाई आहेत का?"